पायपट्टी

कराडात कुणाच्या दारात गाडी उभी राहिली की शेजारी आधी तिच्या टपावर थाप मारतो आणि मग विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देती?" आणि मालक खोटं बोलतो. याला अपवाद नाही. कोर्टातला साक्षीदार एखाद्या वेळी चुकून खरं बोलेल, सोयरीक जमवणारा मुलाचं खरं वय सांगून टाकेल, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज खरं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

दिनकर डुबल यांचा आकडा ठरलेला होता. बावीस. चढ असो, उतार असो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असो, बावीस. त्यांची पांढरी गाडी चौदा वर्षांची म्हातारी झाली होती, सायलेन्सर खोकत होता, तरी बावीस. आणि वर पुस्ती, "आता हे ज्याच्या त्याच्या पायावर असतंय म्हणा!"

पायाचा त्यांना फार अभिमान. कराड-चिपळूण रस्त्यावर त्यांनी उभी हयात वडापची जीप चालवली. वडाप म्हणजे काय, ते ज्याने कधी जीपच्या मागच्या फळीवर सहावा म्हणून बूड टेकवलंय त्याला सांगायला नको; बाकीच्यांनी एवढंच समजावं की एसटी यायच्या आत स्टॉपवरची माणसं उचलायची आणि दुसऱ्या जीपवाल्याच्याही आधी उचलायची, असा तो धंदा. कुंभार्ली घाटात दिनकरराव गाडी न्यूट्रलमध्ये टाकत, चावी फिरवून इंजिन बंद करत आणि थेट पोफळीपर्यंत फुकटात उतरत. "थेंब जाळला न्हाय!" असं ते खाली टपरीवर चहा पिताना सांगायचे.

वासंतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हा बावीसचा आकडा ऐकला की ओठ मिटून घ्यायच्या. त्यांना खोटं सोसत नसे. शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता निवृत्त झाल्या. पण कबड्डीच्या पंच म्हणून अजून गावोगाव जात. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. मैदानावर त्यांच्यापुढे भल्याभल्या आमदारांच्या पुतण्यांची शेपटी आत जायची. कबड्डीत त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडायची. खेळाडूला नखभर स्पर्श झाला, पंचाच्या नजरेतून सुटला, तरी जातिवंत खेळाडू स्वतः हात वर करतो आणि बाहेर जाऊन बसतो. असे खेळाडू त्यांनी फार थोडे पाहिले होते. नवऱ्याचं नाव त्यांत नव्हतं. संसार सुरू झाल्यापासून त्या माणसाने एकदाही हात वर केला नव्हता.

तर अशा या घरात पायपट्टी आली.

आधी जुनी कथा सांगतो, म्हणजे पायपट्टीचं मोल कळेल. गाडीत अ‍ॅव्हरेज दाखवणारे आकडे पूर्वीपासून होते. गाडी चालू असताना काट्याशेजारी आकडा नाचायचा. चढाला लागलं की सहा, उताराला लागलं की नव्व्याण्णव. आता सहा झाले ते माझ्या चुकीने की घाटाच्या, हे कुणी सांगायचं? कंपन्यांनी त्यावर डोकं काय चालवलं, तर पडद्यावर हिरवी पानं काढली! नीट चालवा, पान उगवेल. अरे, आम्ही काय बालवाडीत आहोत? लोकांनी चार दिवस पानं मोजली आणि पाचव्या दिवशी पडद्यावर गाणी लावली. आरशाच्या जागी चित्र टांगावं, तसला तो उद्योग.

मग इचलकरंजीच्या रेवती मगदूम नावाच्या बाईने एक साधं काम केलं. वजाबाकी. इंजिनात पेट्रोल पिचकारीने उडतं, आणि प्रत्येक पिचकारी किती उडाली हे गाडीला नेमकं ठाऊक असतं. रस्त्याचा चढ-उतार उपग्रहाच्या नकाशातून कळतो. गाडीतलं वजन, समोरचा वारा, टायरमधली हवा, पुढे अडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, हे सगळंसुद्धा मोजता येतं. मग त्याच रस्त्यावर, त्याच ट्रॉलीमागे, निवांत आणि शहाण्या पायाला किती पेट्रोल लागलं असतं, याचा हिशोब यंत्र क्षणाक्षणाला मांडतं. त्याच्यापेक्षा जास्त जे उडालं ते घाटाचं नाही, वाऱ्याचं नाही. ते तुमच्या पायाचं. पायाखालचं पेडल किती थरथरतं, किती उगीच दाबलं जातं, याचा ठसा अंगठ्यासारखा ज्याचा त्याचा वेगळा असतो, म्हणून पाय कुणाचा हेही यंत्र ओळखतं.

हे सगळं दाखवायला समोरच्या काचेच्या तळाशी बोटभर रुंदीची उजेडाची पट्टी. हिरवी, मग पिवळी, मग लाल. आणि मधोमध एक आकडा, शंभर थेंबांतले किती थेंब तुमच्या पायाने उगीच उधळले; बटण दाबलं तर त्या फेरीत, नाहीतर महिन्यात. त्याखाली बारीक अक्षरात गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज. पेट्रोल अजिबात पडत नसेल तर पट्टी विझते, काळी होते.

सरकारला हे यंत्र मिळाल्यावर सरकार गप्प बसेल होय? नियम निघाला. जुन्या पेट्रोल गाड्यांना पुन्हा पासिंग हवं असेल तर पायपट्टी बसवायची आणि महिनाभराची उधळ पंधराच्या आत ठेवायची. गाडीमागे एकाच चालकाची नोंद. चालक एकदाच बदलता येईल, बदलला की महिना नव्याने सुरू. आकडा पंधराच्या वर गेला की गाडी भंगारात. विजेच्या नव्या गाडीसाठी तेव्हा चार-चार वर्षांची रांग होती. म्हणजे पांढरी गेली की वासंतीबाईंचं पंच म्हणून फिरणं संपलं. खेड्यातले सामने दिवे लावून चालतात, आणि शेवटची एसटी कुणाच्या चढाईतल्या दहाव्या गुणासाठी थांबत नाही.

दिनकररावांनी अर्थातच स्वतःचं नाव नोंदवलं. "पंधरा? मी पाचात आणून दाखवतो."

आठवड्याने पट्टीवर आकडा होता एकतीस. खाली बारीक अक्षरात, चौदा.

"यंत्र बिघडलंय," दिनकरराव म्हणाले.

"दुसरं बसवू," वासंतीबाई म्हणाल्या. दुसरं बसवलं. त्यानेही एकतीसच सांगितलं.

वासंतीबाई शेजारी बसून बघत होत्या, आणि त्यांना कारण दिसलं होतं. मलकापूरच्या स्टॉपवर चार माणसं उभी दिसली की दिनकररावांचा पाय आपोआप दाबला जायचा. गाडी सुसाट स्टॉपपर्यंत, मग कचकन ब्रेक, मग आठवण, की अरे, आपण आता सीट भरत नाही, आणि मग पुन्हा पाय. समोर दुसरी गाडी दिसली की तिच्यापुढे गेलंच पाहिजे. जीप विकून वर्षं झाली, पण पायात वडाप अजून चालू होतं. ते स्टॉपवरचे पाहुणे, तो पुढे घुसणारा दुसरा जीपवाला, सगळे त्या एका पायात मुक्कामाला होते. वासंतीबाईंना हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. पण दिनकररावांनी दुसरंच कारण शोधलं.

"तू अधनंमधनं चालवतीस, म्हणून वाढतोय आकडा."

"माझा पाय ते वेगळा धरतंय."

"मग चालव बघू. कळंल दूध का दूध."

त्यांनी उंब्रजपर्यंत चालवली. शेजारी दिनकरराव. "गिअर टाक... आता टाक की... अगं क्लच... च्च... ट्रक आहे, ट्रक आहे... च्च!" ट्रक अर्धा मैल लांब होता. दिनकररावांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर ब्रेक दाबत होता. उंब्रज आलं तेव्हा आकडा तेहतीस.

"बघ!" त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी उतरून स्वतःच्या हाताने दोन प्लेट भजी आणली. "माझ्यापेक्षा दोन जास्त!"

वासंतीबाईंनी भजी संपवली. त्या रात्री त्यांना वाटलं, असेल बाबा खरं. आपलाच पाय जड.

पुढच्या रविवारी विट्याला सामना होता. सोबत नसीम बागवान. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः पंच आणि तोंडाने फाटकी. दोघी गप्पा मारत गेल्या. कुणाच्या चढाईत बोनस द्यायचा राहिला, कुणाच्या सुनेने सासूला फोन वापरायला शिकवला आणि आता पस्तावतेय, असलं काही. विट्याच्या वेशीवर नसीमने काचेकडे बोट केलं.

"ताई, ही पट्टी बंद पडली काय? नऊ दाखवतीया."

वासंतीबाईंनी गाडी कडेला घेतली. नऊ. गर्द हिरवा नऊ.

परत येताना कोल्हापूर नाक्यावर दिनकरराव चहा पीत उभे होते. गाडी बघून पुढचं दार उघडलं, नसीमला मागे पाठवलं आणि बसले. अजून एक शब्द बोलले नव्हते. फक्त पट्टा लावताना म्हणाले, "च्च." पट्टी पिवळी झाली. पुढच्या चौकात लाल.

मागून नसीम खिदळली. "ताई, पट्टीला भावजी आवडत न्हाईत!"

"हे काय बोलणं?" दिनकरराव मागे वळले.

वासंतीबाई पंच होत्या. एका प्रसंगावरून निकाल देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी नाक्याला वळसा घातला आणि म्हणाल्या, "अवो, जरा खाली उतरा."

"का?"

"उतरा तर."

दिनकरराव उतरले. वळसा, अकरा. "बसा." वळसा, सत्तावीस. "उतरा." वळसा, दहा. चहाच्या टपरीवरची माणसं बाकडी सोडून रस्त्यावर आली. चौथ्या वेळी दिनकरराव बसलेच नाहीत. चालत घरी गेले.

आता मगदूम बाईच्या डोक्यातही हे आलं नव्हतं. तिने सगळं वजा केलं, घाट, वारा, वजन, ट्रॉली. उरला तो माणूस, असं तिला वाटलं. पण माणूस एकटा कुठे उरतो? शेजारी कुणी चुकचुकलं की पाय पेडलवर शंभरदा वर-खाली होतो, डोळ्याला दिसत नाही इतका, आणि प्रत्येक वेळी पिचकारी उगीच एक थेंब जास्त उडवते. पायपट्टीने पेट्रोल मोजायला घेतलं आणि शेजारच्या सीटवर कोण आहे ते सांगून बसली. तोंड खोटं बोलतं, डोळे शिकवले तर तेही बोलतात. तळपायाला खोटं बोलायला अजून कुणी शिकवलेलं नाही.

आणि मग जी मजा झाली, विचारू नका. मुली बघायला जाणारे लोक कांदेपोहे सोडून मुलीला मुलाशेजारी गाडीत बसवू लागले. पट्टी हिरवी राहिली तर सुपारी. ओगलेवाडीच्या एका सुनेने सासूला अष्टविनायक करून आणलं आणि आकडा सात, तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या सुनांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरची पट्टी साहेब बसले की लाल व्हायची. साहेबांनी ड्रायव्हर बदलले, पट्टी काही बदलेना. शेवटी साहेबांनी पट्टीवर स्वतःचाच फोटो चिकटवला. दोन भागीदारांची पंचवीस वर्षांची पेढी फुटली. आणि एका मास्तरांना कळलं की जिला ते आयुष्यभर 'आमचं काही पटत नाही' म्हणत आले, ती बायको शेजारी असतानाच त्यांचा पाय सर्वात हलका पडतो. ते बिचारे गाडी थांबवून रडले म्हणतात. पट्ट्या झाकायच्या कापडी झालरीही बाजारात आल्या. ज्यांच्या गाडीत झालर, त्यांच्या घरात काय ते समजून घ्यावं.

डुबलांच्या घरी मात्र झालर लावून भागणार नव्हतं. वासंतीबाईंनी चालक बदलला. स्वतःचं नाव टाकलं. महिना नव्याने सुरू.

"आणि मी?" दिनकररावांनी विचारलं.

"महिनाभर गाडीत बसायचं न्हाय."

"माझ्या गाडीत?"

"आपल्या. बाद झालाय तुम्ही. बाहेर बसा."

दिनकरराव बाहेर बसले, म्हणजे खरोखरच ओट्यावर बसले. वासंतीबाई निघाल्या की ते दारात उभे राहायचे आणि गाडी वळेपर्यंत बघायचे. एकदा त्या अंगणात आल्या तर नवरा उभ्या गाडीत बसलेला, बंद गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. बायकोला बघून म्हणाला, "कुबट वास येतोय का बघत होतो."

पहिले दिवस आकडा नऊ होता. मग दहा. मग अकरा. गाडीत कुणी नाही, चुकचुकणारं नाही, तरी पट्टी हळूहळू पिवळटू लागली. वासंतीबाईंनी टायर तपासले, हवा भरली. नसीमला शेजारी घेऊन बघितलं. तरी साडेबारा. आरशात बघितलं की ओट्यावरचा तो माणूस दिसायचा, गाडी वळून पार शनिवार पेठेत आली तरी दिसायचा, आणि पाय जड व्हायचा. लवकर जाऊन लवकर परत यावं असं वाटायचं. घाई. ती घाई पट्टी मोजत होती.

बसवला तर लाल, उतरवला तरी पिवळं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाचं असंच होत असावं. यंत्र बिचारं काय करणार?

महिना संपायला आला तेव्हा आकडा साडेचौदा. शेवटचा प्रवास चिपळूणचा. मुलींच्या राज्य अजिंक्यपदाचे सामने, आणि अंतिम सामन्याला मुख्य पंच वासंती डुबल. हा मान त्यांनी वीस वर्षं वाट बघून मिळवला होता. चिपळुणात पोचेपर्यंत आकडा पंधराच्या आत राहिला तर पांढरी वाचली आणि शिट्टीही. वर गेला तर हा सामना शेवटचा.

सकाळी नसीम दारात आली. डिकीत पिशव्या टाकल्या. दिनकरराव ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच होतं.

वासंतीबाईंनी चावी लावली. पट्टी उजळली, साडेचौदा. मग त्यांनी चावी काढली.

"अवो," त्या म्हणाल्या. "चला."

"मी? आकडा वाढंल."

"ते मी बघते. पण नियम माझा. कबड्डी म्हणायचं."

"काय?"

"मी सांगेन तेव्हा 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचं. मोठ्यानं, दम न तोडता. दम तुटला, एक शब्द बोललात, च्च केलंत, की बाद. जिथं असू तिथं उतरायचं आणि एसटीनं यायचं."

दिनकररावांनी पेपर फेकला. घरात जाऊन टोपी आणली आणि पुढच्या सीटवर बसले. नसीम मागे बसली. तिने आधीच तोंडावर ओढणी धरली होती.

पाटणपर्यंत रस्ता सरळ. दिनकररावांनी बोलायला तोंड उघडलं की वासंतीबाई नुसतं बोट वर करायच्या आणि ते सुरू व्हायचे. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." समोरून कंटेनर आला, दिनकररावांचा पाय जमिनीवर ब्रेक शोधायला निघाला, पण दम सांभाळायचा की पाय, दोन्ही एकदम होत नाही; पाय मध्येच थांबला. कंटेनर गेला. तोंड लाल, मिशा थरथरताहेत, "बड्डी बड्डी बड्डी." मागे नसीम सीटवर आडवी झाली होती.

आकडा वाढला, पंधराला टेकला. कोयनानगरच्या अलीकडे एक म्हातारा सायकलवरून गेला. त्याने या गाडीत कबड्डी म्हणणारा टोपीवाला पाहिला आणि सायकल थांबवून, काही न समजता, नमस्कार केला. दिनकररावांनी कबड्डी न सोडता त्याला उलट नमस्कार केला. वासंतीबाईंना हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. गाडी आपली तिच्या तिच्या चालीने चालली होती, आणि त्यांचा पाय कधी हलका झाला ते त्यांना कळलंही नाही. आकडा खाली उतरला. चौदा आणि थोडं.

हेळवाक गेलं आणि कुंभार्लीचा उतार सुरू झाला. खाली कोकण धुक्यात बुडालेलं. पहिल्या वळणावर दिनकररावांची जीभ सुटली.

"न्यूट्रल! अगं न्यूट्रलमध्ये टाक की!"

"दम तुटला," नसीम मागून किंचाळली. "बाद! बाद!"

"बाद तर बाद, पण इथं आकडा वाचंल, मी सांगतो! इथं मी थेंब जाळला न्हाय!"

वासंतीबाईंनी गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवली होती. पाय पेडलवरून पूर्ण उचललेला. "पट्टी बघा," त्या म्हणाल्या.

पट्टी काळी होती. विझलेली.

"बंद पडली," दिनकरराव म्हणाले.

"चालू हाय. पेट्रोल पडत न्हाय, म्हणून काळी. गिअरमध्ये असली की चाकंच इंजिन फिरवत्यात. गाडी पिचकारी बंद करते, पूर्ण बंद."

"आणि न्यूट्रलमध्ये?"

पुढे मोकळा सरळ तुकडा होता. मागे-पुढे कुणी नव्हतं. वासंतीबाईंनी ब्रेकवर पाय ठेवून क्षणभर गिअर काढला. पट्टीवर केसाएवढी रेघ पेटली. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला स्वतःच प्यावं लागतं, थोडं, पण सतत. पुन्हा गिअर टाकला. रेघ विझली.

"इंजिन बंदच केलं तर?" दिनकररावांनी अजून तंगडी वर धरली होती.

"तर स्टिअरिंग दगड होतंय आणि दोन दाबांत ब्रेक मरतोय. मग पोफळीला सरळच जाल. वळणं न घेता."

दिनकरराव पट्टीकडे बघत राहिले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. पट्टी काळीच होती. जुन्या जीपची गोष्ट वेगळी होती, तिला ना पिचकारी ना काही. हे त्यांना सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. वासंतीबाई वाट बघत होत्या. नसीम मागून पुढे वाकली. पण दिनकररावांनी खिडकीतून दरीकडे बघितलं आणि ते एकदम हसायला लागले.

"ह्या पांढरीत चौदा वर्षं," ते म्हणाले, "चौदा वर्षं मी नुसत्या न्यूट्रलवर, जीव मुठीत धरून ह्यो घाट उतरलो. घाम फुटायचा मला. कुणाला सांगितलं न्हाय. आणि थेंब जाळतच हुतो?"

"हुता."

"जीव पण घालवला असता आणि पेट्रोल पण!"

"आता बाद झालाय," वासंतीबाई म्हणाल्या. "उतरताय का इथं?"

"वाघ खाईल मला इथं."

"वाघाला कबड्डी म्हणून दाखवा," नसीम म्हणाली.

आणि घाट संपेपर्यंत दिनकररावांनी, कुणी न सांगता, पुन्हा सुरू केलं. हळू आवाजात, भजनासारखं. कबड्डी कबड्डी कबड्डी. त्यांचा पाय आता मॅटवर निवांत पडला होता.

चिपळूणच्या मैदानाच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा आकडा पावणेचौदा होता. एकट्याने निघाल्या असत्या तर पावणेचौदा झाला नसता, हे वासंतीबाईंना कळलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पट्टीच्या कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण उमटली. नसीमने टपावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. खाली बारीक अक्षरात गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज होतं, सतरा.

सामना रंगला. कोल्हापूर आणि ठाणे, अटीतटीची लढत. वासंतीबाई रेषेवर वाकून उभ्या, गळ्यात शिट्टी, नजर पायांवर. दिनकररावांनी गाडी मैदानाच्या कडेला, सावलीत लावली होती आणि बॉनेटला टेकून ते सामना बघत होते. शेजारी एक खेर्डीचा गृहस्थ येऊन उभा राहिला. त्याने पांढरीच्या टपावर थाप मारली.

"जुनी दिसतेय. पासिंग झालं?"

"आजच झालं."

"अरे वा! अ‍ॅव्हरेज किती देते?"

दिनकररावांनी टोपी सारखी केली, छाती पुढे काढली.

"बावी..."

मैदानावर शिट्टी वाजली. कर्र. ठाण्याच्या चढाईवालीचा पाय रेषेबाहेर गेला होता. वासंतीबाईंचं लक्ष तिच्या टाचेवर होतं, मैदानाबाहेर कोण काय बोलतंय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

दिनकररावांनी शिट्टी ऐकली. मैदानाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. आणि भर मैदानाच्या कडेला, एवढ्या माणसांत, त्यांनी हात वर केला.

"सतरा," ते म्हणाले. "खरं सांगतो, पाव्हणं. सतरा."